करून गेला गाव आणि रूकवुडचं नाव

अमेरिकन आर्ट पॉटरीबद्दल (म्हणजे कलावस्तू म्हणून केलेल्या मातीच्या भांड्यांबद्दल) कुठेही वाचायला घ्या, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या ओळीत रूकवुड येतंच. ओहायोतल्या सिनसिनाटीची रूकवुड पॉटरी, १८८० साली मारिया लॉंगवर्थ निकल्स नावाच्या बाईने काढलेली, १८८९ ला पॅरिसच्या प्रदर्शनात सुवर्णपदक, मग जगभर नाव वगैरे वगैरे. यातलं काहीही खोटं नाही. पण ज्या पद्धतीवर रूकवुडचा सुरुवातीचा सगळा डोलारा उभा राहिला ती पद्धत त्याच गावात राहणाऱ्या, मारियाच्याच वर्तुळात वावरणाऱ्या दुसऱ्या एका बाईने तिच्याआधी तीन वर्षं शोधून काढली होती, आणि नुसती शोधली नाही तर पुस्तक लिहून सगळ्यांना वाटून टाकली. तिचं नाव मेरी लुईझ मॅक्लॉक्लिन. गावात मिस लुईझ.

मी ओहायोत राहते आणि हौशी पॉटरी करते (म्हणजे वाट्या करते, आणि त्या वाट्याच आहेत हे लोकांना सांगावं लागतं), त्यामुळे या बाईचा विषय माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळतोय. मराठीत तिच्याबद्दल काही सापडलं नाही म्हणून म्हटलं आपणच लिहू. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी थोडं सिनसिनाटीबद्दल सांगते, कारण ते गाव समजल्याशिवाय ही गोष्ट कळत नाही. ओहायो नदीच्या काठचं हे शहर तेव्हा डुकराच्या मांसाच्या धंद्यामुळे इतकं श्रीमंत झालं होतं की लोक त्याला 'पोर्कोपोलिस' म्हणायचे. पैसा आला की पुढच्या पिढीला कला सुचते, तसं इथेही झालं. आर्ट स्कूल निघालं, संगीत महोत्सव निघाला, आणि चांगल्या घरातल्या मुली-बायका लाकडावर कोरीवकाम आणि चिनी मातीवर पेंटिंग शिकायला लागल्या. शिकवणारे होते बेन पिटमन. आपल्याकडे गल्लीतल्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या बोर्डावर 'पिटमन शॉर्टहॅंड' लिहिलेलं असायचं ना, ते पिटमन म्हणजे आयझॅक, आणि हे बेन त्यांचे सख्खे भाऊ. भावाची शॉर्टहॅंड अमेरिकेत पसरवायला आलेला हा माणूस, लिंकनच्या खुनाच्या खटल्याची नोंदसुद्धा याच्याच देखरेखीखाली झाली, आणि नंतर सिनसिनाटीत बायकांना कोरीवकाम शिकवत बसला. माणसं कुठून कुठे जातात!

तर १८७४ मध्ये पिटमनच्या ओळखीने मारी एगर्स नावाच्या जर्मन बाईंचा चायना पेंटिंगचा क्लास सुरू झाला आणि लुईझ त्यात होती. वय सव्वीस-सत्तावीस, लग्न केलेलं नाही (पुढेही केलं नाही), वडिलांचं कापडाचं मोठं दुकान, भाऊ जेम्स आर्किटेक्ट. म्हणजे पैशाची ओढाताण नाही पण मारियाच्या लॉंगवर्थ घराण्यासारखी अमाप संपत्तीही नाही. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो, लक्षात ठेवा.

चायना पेंटिंग म्हणजे काय, तर कारखान्यातून तयार झालेली पांढरीशुभ्र, ग्लेझ (म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) चढवून भाजलेली कपबशी आणायची, त्यावर रंगाने फुलं-पानं काढायची आणि कमी आचेवर पुन्हा एकदा भाजायची. रंग ग्लेझच्या वर बसतो. घरात टेबलावर करता येतं, हात मातीत घालावा लागत नाही, साडी म्हणजे त्यांचा तो घोळदार झगा खराब होत नाही. सभ्य घरातल्या बाईला शोभणारा उद्योग. १८७५ ला सिनसिनाटीच्या बायकांनी असे रंगवलेले कप विकून पैसे जमवले, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शंभरीनिमित्त फिलाडेल्फियात भरणार असलेल्या प्रदर्शनातल्या महिला दालनासाठी.

आणि त्या १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात दोन बायकांच्या दोन वेगळ्या गोष्टींवर नजरा गेल्या. मारिया जपानी भांड्यांवर भाळली, इतकी की पुढे तिने वडिलांना म्हणे सुचवलं की जपानमधली एक अख्खी पॉटरी कामगारांसकट उचलून इकडे आणू या (श्रीमंताघरची लेक, काहीही सुचतं). आणि लुईझ उभी राहिली फ्रान्सच्या हॅविलॅंड कंपनीच्या फुलदाण्यांसमोर. त्या फुलदाण्यांवर रंग वर बसलेला नव्हता, ग्लेझच्या आत होता. जाड, ओलसर, तैलचित्रासारखा रंग आणि त्यावर काचेसारखा पारदर्शक थर. हे कसं केलं ते फ्रेंच लोक सांगत नव्हते. अमेरिकेत कुणाला येत नव्हतं.

लुईझ घरी आली आणि ते डोक्यातून जाईना.

इथे जरा तांत्रिक बोलते, कारण खरी मजा यातच आहे. ग्लेझच्या खाली रंगवायचं म्हणजे नुसता रंग चालत नाही. निळ्यासाठी कोबाल्टचा ऑक्साईड, तपकिरीसाठी लोखंडाचा, असं काय काय असतं, पण ते नुसतेच कुंचल्याने लावले तर पातळ बसतात, ग्लेझ वितळताना ओघळतात, चित्राचा पार चिखल होतो. लुईझने केलं असं की हे ऑक्साईड पातळ मातीच्या घोळात, ज्याला पॉटरीवाले स्लिप म्हणतात, त्यात मिसळले आणि त्या रंगीत मातीने अजून न भाजलेल्या, ओलसर भांड्यावर चित्र काढलं. मातीवर माती, त्यामुळे ती एकजीव होते. मग भाजायचं, मग पारदर्शक ग्लेझ, मग पुन्हा भट्टी. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्यांनी कच्च्या भांड्याला कधी स्लिप लावलीये त्यांना माहितीये की भांडं जरा जास्त सुकलं असेल तर स्लिप वेगळ्या मापाने आकसते आणि पापुद्र्यासारखी सुटून येते, आणि भांडं फार ओलं असेल तर आकारच बसतो. म्हणजे ओलेपणा नेमका पाहिजे आणि तो चित्र पूर्ण होईपर्यंत टिकवायचा, आणि शिवाय जो रंग कुंचल्यावर दिसतो तो भट्टीतून बाहेर आल्यावर भलताच असतो, म्हणजे चित्र काढताना डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही. लुईझला तर कुणी सांगणारं पण नव्हतं.

शिवाय स्वतःची भट्टी नव्हती. १८७७ च्या सप्टेंबरात ती सिनसिनाटीतल्या पी. एल. कोल्ट्री यांच्या कारखान्यात गेली. हा काही कलाबिलाचा कारखाना नव्हे, साधी पिवळ्या मातीची रोजच्या वापरातली भांडी बनवणारा. तिथल्या पुरुष कामगारांमध्ये ही झगा घातलेली बाई येऊन कच्च्या भांड्यांवर माती फासत बसते, हे त्यांना कसं वाटलं असेल याची मला फार उत्सुकता आहे, पण त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही. सुरुवातीच्या वस्तू बिघडल्या. जानेवारी १८७८ मध्ये पहिली मनासारखी फुलदाणी भट्टीतून बाहेर आली. त्याच वर्षी तिचं काम पॅरिसच्या प्रदर्शनात गेलं आणि तिथे सन्माननीय उल्लेख मिळाला. म्हणजे ज्यांचं गुपित होतं त्यांच्याच देशात जाऊन! लोक या कामाला 'सिनसिनाटी लिमोज' म्हणायला लागले. (लिमोज म्हणजे हॅविलॅंडचं गाव.)

आता कुणी म्हणेल की फ्रेंचांना येतच होतं, मग हिने काय मोठं शोधलं. बरोबर आहे, तिने जगात पहिल्यांदा नाही शोधलं. पण बंद दारामागे काय चाललंय ते न बघता, फक्त समोरची वस्तू बघून, स्वतःच्या डोक्याने तिथे पोचणं याला मी तरी शोधच म्हणेन.

यानंतर जे झालं ते टिपिकल आहे. गावात लाट आली. जो तो ग्लेझच्या खाली रंगवायला लागला. एप्रिल १८७९ मध्ये लुईझने विमेन्स पॉटरी क्लब काढला, ती अध्यक्ष, तिची मैत्रीण क्लारा चिपमन न्यूटन सेक्रेटरी, मोजक्याच बायका. आणि इथे येतो या गोष्टीतला माझा आवडता भाग, हरवलेलं आमंत्रण. मारिया निकल्सलाही क्लबचं बोलावणं गेलं होतं म्हणतात, पण ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही. पोस्टात गेलं, नोकराच्या हातून पडलं, का पाठवलंच नव्हतं, देव जाणे. मारियाला वाटलं आपल्याला मुद्दाम वगळलं. ती क्लबात आली नाही ती नाहीच, तिने वेगळं काम सुरू केलं. सोसायटीच्या हळदीकुंकवाला बोलावणं न आल्यामुळे जी दोन घरं वीस वर्षं बोलत नाहीत, अगदी तोच प्रकार, फक्त यातून पुढे एक कारखाना निघाला.

गंमत म्हणजे दोघी काम करायच्या एकाच छपराखाली. फ्रेडरिक डॅलस यांच्या पॉटरीत क्लबची खोली, आणि तिथेच मारियाची वेगळी खोली. दोघींनी आपापल्या पैशाने तिथे एकेक भट्टी बांधून घेतली. डॅलसकडे त्या काळात दोनशेच्या वर हौशी कलाकारांची भांडी भाजली जायची आणि त्यात पुरुष किती, तर दोन. बाकी सगळ्या बायका. डॅलसचे सुपरिंटेंडंट जोसेफ बेली हे जुने जाणते इंग्लिश कारागीर, त्यांनी या बायकांना बरंच काही शिकवलं. हेही सांगायला पाहिजे की यातल्या बहुतेक बायका चाकावर बसत नव्हत्या, भांडं घडवायचा कारखान्यातला माणूस आणि सजवायची बाई. त्या घडवणाऱ्या बहुतेकांची नावं कुठेच नाहीत. श्रेयाबद्दलच बोलायचं तर ही एक बाजू पण आहे, आणि ती लुईझलाही लागू होते.

मग १८८० उजाडलं. लुईझने ठरवलं की आता मोठं काहीतरी करायचं, आणि केली 'अली बाबा' फुलदाणी. उंची साधारण ३७ इंच. अमेरिकेत तोपर्यंत ग्लेझखाली रंगवलेली एवढी मोठी फुलदाणी कुणी केली नव्हती. मी ती सिनसिनाटी आर्ट म्युझियममध्ये बघितलीये, आणि फोटोत जे कळत नाही ते समोर उभं राहिल्यावर कळतं, की अरे ही तर तीनेक वर्षांच्या पोराएवढी आहे! मोठाली फुलं, हिरवट पार्श्वभूमी, रंगाचे जाड फटकारे. खरं सांगू, सुंदर म्हणण्यापेक्षा दांडगी आहे. एवढं मोठं कच्चं भांडं ओलसर ठेवून रंगवायचं, ते न तडकता सुकवायचं, न मोडता भट्टीत न्यायचं, आणि मग आत काय होतंय ते दिसत नाही, नुसती वाट बघायची. मारिया मग गप्प बसते का, तिने पण एक मोठी फुलदाणी केली आणि नाव दिलं 'अलादीन'. म्हणजे अरबी सुरस कथा सिनसिनाटीत. (दोघींपैकी कुणी 'सिंदबाद' केली असती तर मी अजून खूश झाले असते.)

त्याच वर्षी लुईझचं दुसरं पुस्तक आलं, ग्लेझखालच्या सजावटीवर. पहिलं १८७७ ला आलं होतं, हौशी लोकांसाठी चायना पेंटिंगचं, आणि ते भरपूर खपलं होतं. या दुसऱ्यात तिने स्वतःची पद्धत मोकळेपणाने मांडली. फ्रेंचांनी जे दाबून ठेवलं आणि तिने धडपडून मिळवलं, ते तिने छापून विकायला ठेवलं. मला यात तिचा स्वभाव दिसतो. तिला धंदा करायचा नव्हता. तिला फक्त एवढंच पाहिजे होतं की लोकांनी म्हणावं, हे मिस मॅक्लॉक्लिनने शोधलं.

आणि नेमकं तेच झालं नाही.

आधी आला टॉमस व्हीटली. हा कोल्ट्रीच्या कारखान्यात तिच्याच आसपास काम करणारा तरुण. १८८० च्या सप्टेंबरात याने ग्लेझखालच्या रंगकामाचं चक्क पेटंट घेतलं आणि इतरांना ते काम करण्यापासून अडवायला निघाला! म्हणजे तिचं पुस्तक बाजारात, तिच्या फुलदाण्या दोन वर्षं प्रदर्शनात, आणि हा म्हणतो माझी पद्धत. सुदैवाने त्याला कुणी फार भीक घातली नाही आणि गावातलं काम चालू राहिलं.

पण मारिया म्हणजे व्हीटली नव्हे. आजोबा निकोलस लॉंगवर्थ हे द्राक्षमळे आणि जमिनींच्या जोरावर अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत लोकांत गणले गेलेले, वडील जोसेफ लॉंगवर्थ कलेचे आश्रयदाते. डॅलसकडच्या भट्टीची आच पांढऱ्या भांड्यांसाठी असायची, फार कडक, नाजूक रंग त्यात जळून जायचे, त्यामुळे मारिया वैतागली होती. वडिलांनी लेकीला नदीकाठची एक जुनी शाळेची इमारत घेऊन दिली. २५ नोव्हेंबर १८८०, थॅंक्सगिव्हिंगच्या दिवशी रूकवुडची पहिली भट्टी उघडली. घराण्याच्या इस्टेटीचं नाव पॉटरीला दिलं. सुरुवातीला तिथे जे निघायचं त्यातलं बरंचसं काय होतं, तर ओल्या मातीवर रंगीत स्लिप आणि वर ग्लेझ. म्हणजे लुईझचंच.

मी मारियाला खलनायिका करणार नाही, तसं करणं सोपं आहे पण खोटं आहे. तिने स्वतःच्या नावावर पॉटरी चालवली, बायकांना पगारी काम दिलं, केमिस्ट आणले, १८८७ मध्ये जपानहून आलेले कातारो शिरायामादानी हे चित्रकार रूकवुडला रुजू झाले आणि त्यांनी तिथे जे काम केलं त्याला तोड नाही. एकटी लुईझ हे उभं करू शकली असती का? मला नाही वाटत. तिला ते करायचंही नव्हतं. पण मोठं दुकान असलं की त्याचा इतिहास दुकानच लिहितं, आणि रूकवुडने लिहिलेल्या इतिहासात लुईझला जागा मिळेनाशी झाली.

आणि मग जागा खरोखरच काढून घेतली. डॅलस वारले, त्यांची पॉटरी बंद पडली, जोसेफ बेली रूकवुडला गेले, क्लारा न्यूटन म्हणजे लुईझची ती सेक्रेटरी मैत्रीणही रूकवुडच्या नोकरीत लागली. पॉटरी क्लबने मग रूकवुडमध्येच भाड्याने खोली घेतली, दुसरं करणार काय. १८८३ ला मारियाने विल्यम वॉट्स टेलर यांना मॅनेजर नेमलं. टेलर पक्के व्यवहारी. हौशी बायकांचा क्लब आपल्याच आवारात आपल्यासारखाच माल तयार करतो हे त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी क्लबला बाहेर काढलं.

हा भाग वाचताना मला दर वेळी राग येतो. भट्टीशिवाय पॉटरीवाला म्हणजे काहीच नाही. चित्रकाराला घरी कॅनव्हास लावता येतो, लेखकाला कागद पुरतो, पण ग्लेझखालच्या कामाला मोठी भट्टी लागते, आणि ती आता गावात तिच्यासाठी उरली नव्हती. जी पद्धत तिने शोधली तीच तिला करता येईना. तिच्या गावातली एक इमारत रोज तेच काम करून बाहेर पाठवतेय आणि ही घरी बसून पुन्हा चायना पेंटिंग करतेय, धातूकाम करतेय, पुस्तकं लिहितेय. (१८९५ ला तिने फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या भावजयीवर चरित्रात्मक पुस्तक लिहिलं. पॉटरीशी काडीचा संबंध नाही. मला फार आवडलं हे.)

मधल्या काळात रूकवुडमध्येही श्रेयावरून रामायण झालंच. लॉरा फ्राय नावाच्या तिथल्या कलाकार बाईने फवारणीच्या साधनाने रंगाच्या पार्श्वभूमीचा एकसारखा, हलका होत जाणारा थर देण्याची युक्ती काढली. रूकवुडचं ते प्रसिद्ध गडद तपकिरी-सोनेरी रूप त्यावरच उभं आहे. तिने १८८९ ला पेटंट घेतलं, रूकवुडवर खटला भरला, आणि १८९८ ला हरली. निकाल देणारे न्यायाधीश विल्यम हॉवर्ड टाफ्ट, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. आणि स्वतः मारिया? पहिला नवरा गेल्यावर तिने १८८६ ला बेलामी स्टोरर यांच्याशी लग्न केलं, हळूहळू रूकवुड टेलरांच्या हातात सोपवलं, नवरा राजदूत म्हणून युरोपात गेला आणि बाईंनी तिथे बसून एका आर्चबिशपला कार्डिनल करण्यासाठी इतकी खटपट केली की थिओडोर रूझवेल्ट यांनी वैतागून १९०६ मध्ये नवऱ्याला पदावरून काढलं. त्या प्रकरणावर वेगळी पोस्ट होईल, इथे राहू दे.

मला स्वतःला रूकवुडचा तो तपकिरी ग्लेझ फारसा आवडत नाही, हे सांगून टाकते. सुंदर आहे, मान्य, पण दहा फुलदाण्या ओळीने बघितल्या की सगळं जुन्या वाड्यातल्या माजघरासारखं अंधारं वाटायला लागतं. ओहायोतल्याच झेन्सव्हिल गावातल्या वेलर वगैरे कंपन्यांनी त्याच्या इतक्या नकला केल्या की ऍंटिक दुकानात गेलं की तपकिरीशिवाय काही दिसतच नाही.

आणि म्हणूनच लुईझची दुसरी खेळी मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. पंचेचाळिशी उलटल्यावर बहुतेक लोक जुन्या पराक्रमावर जगतात. हिने आधी १८९४ मध्ये भांड्यात रंगीत माती जडवायच्या एका पद्धतीचं पेटंट घेतलं (या वेळी पेटंट आधी!), ते फार पुढे गेलं नाही. मग १८९८ मध्ये, वय पन्नास, तिने ठरवलं की आता पोर्सिलेन करायचं. खरं पोर्सिलेन, उजेडात धरलं की पलीकडचा प्रकाश दिसतो ते. आणि कारखान्यात जायचं नाही, घराच्या मागच्या अंगणात स्वतःची भट्टी बांधायची.

पोर्सिलेन काय चीज आहे ते सांगते. साध्या मातीपेक्षा त्याला आच कितीतरी जास्त लागते आणि त्या आचेला ते अर्धवट काचेसारखं व्हायला लागतं, म्हणजे मऊ पडतं. जरा आच जास्त झाली की फुलदाणी कलते, बसते, भट्टीच्या फरशीला चिकटते. जरा कमी झाली की पारदर्शकपणा येत नाही. मातीचं मिश्रण आणि ग्लेझ एकाच मापाने आकसले नाहीत तर ग्लेझला तडे. अमेरिकेत तेव्हा कलात्मक पोर्सिलेन स्टुडिओत करणारं जवळजवळ कुणी नव्हतं. लुईझने स्वतः मिश्रणं बनवली, एकामागून एक ग्लेझ करून बघितले, मार्गारेट हिकी नावाची एक मदतनीस हाताशी, बस. शेजाऱ्यांनी धुराच्या तक्रारी केल्या, ते होणारच, वस्तीत भट्टी पेटवल्यावर कुणाला आवडेल. सुरुवातीचं बरंच काम वाया गेलं. तरी बाई हटली नाही.

त्यातून जे निघालं त्याला तिने नाव दिलं 'लोसांटी', सिनसिनाटीच्या लोसांटीव्हिल या जुन्या नावावरून. आणि ही भांडी बघितली की कळतच नाही की अली बाबा करणारी हीच ती बाई. लहानशी, हातात मावतील अशी. चित्र नाहीच. आकारातच कोरीवकाम, देठ खालून वर वळत गेलेले, पानांच्या कडा भांड्याच्या काठात विरघळलेल्या, काही ठिकाणी आरपार जाळी कोरलेली. दुधाळ पांढरा, फिकट हिरवा, मधूनच लालसर. युरोपात तेव्हा जे आर्ट नूव्हो (वळणदार वेली-देठांची कलाशैली) चालू होतं त्याच्या खांद्याला खांदा लावून. तरुणपणी पिटमनकडे लाकूड कोरायला शिकलेल्यांच्या गावातली बाई, ती सवय इथे उपयोगी पडली असणार असं मला आपलं वाटतं. १९०१ च्या बफेलो प्रदर्शनात याला कांस्यपदक मिळालं. हे सगळं रूकवुडच्या मदतीशिवाय, मॅनेजरशिवाय, घरामागच्या अंगणात. आणि त्यावर कुणालाच हक्क सांगता आला नाही.

१९०६ च्या सुमारास तिने पोर्सिलेन थांबवलं.

मधेच एक आठवलं, विषयाला सोडून नाही. आर्ट पॉटरीची ही लाट फक्त अमेरिका-इंग्लंडपुरती नव्हती, आपल्या मुंबईतही आली होती, आणि त्याच दशकात. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांनी पॉटरीचं काम सुरू केलं, सिंधकडच्या कुंभारांची ग्लेझची परंपरा आणि अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी असा तो मेळ होता. 'बॉंबे पॉटरी' म्हणून ती भांडी परदेशी प्रदर्शनांत जायची, आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. म्हणजे इकडे सिनसिनाटीत लुईझ कोल्ट्रीच्या कारखान्यात स्लिप ढवळत होती त्या काळात मुंबईत कुणीतरी अजिंठ्याची नक्षी मडक्यावर उतरवत होतं. ते कोण होते, त्यात एखादी बाई होती का, यावर कुणी मुंबईकराने खोदकाम केलं तर मी पहिली वाचक.

तर लुईझ. १९१४ मध्ये, वय ६६, सिनसिनाटीच्या पोर्सिलेन लीगच्या बायकांसमोर तिने उभं राहून स्वतःची गोष्ट स्वतः सांगितली, फिलाडेल्फियापासून लोसांटीपर्यंत. छत्तीस वर्षं झाली होती त्या पहिल्या फुलदाणीला. आणि ते भाषण अमेरिकन सिरॅमिक सोसायटीच्या बुलेटिनमध्ये छापून आलं कधी, तर १९३८ ला. अजून चोवीस वर्षांनी! तेव्हा ती नव्वदीची होती. १९ जानेवारी १९३९ ला ती सिनसिनाटीतच गेली. रूकवुडचं पण दिवाळं दोनच वर्षांनी, १९४१ ला वाजलं (नंतर ते नाव पुन्हा पुन्हा उठवलं गेलं, आजही त्या नावाने टाइल्स आणि फुलदाण्या निघतात).

कुणी इकडे आलंच तर सिनसिनाटी आर्ट म्युझियम चुकवू नका. प्रवेश फुकट आहे, सोमवारी बंद असतं. सरळ सिनसिनाटी विंगमध्ये, म्हणजे गावातल्या कलेच्या दालनांत जा. रूकवुडचा भरणा अर्थातच जास्त आहे, शिरायामादानींची कामं निवांत बघा. अली बाबा काही शोधावी लागत नाही. लोसांटी मात्र लहान आहेत, काचेच्या कपाटात असतात आणि लोक पटकन पुढे जातात, तिथे जरा वाकून बघा, जाळीच्या आतल्या कडा किती पातळ केल्यात ते. आणि म्युझियमची १८८६ ची जी मूळ इमारत आहे ना, ती तिच्या भावाने, जेम्स मॅक्लॉक्लिनने बांधलेली आहे. म्हणजे रूकवुडच्या एवढ्या सगळ्या फुलदाण्या शेवटी राहायला आल्या त्या मॅक्लॉक्लिनांच्याच घरात.